राणीच्या नवऱ्याची चार बिऱ्हाडं

आमची खोली १० बाय १०. त्यात आई, बाप, मी, भाऊ आणि लग्नाला आलेली बहीण. मोरी आत, संडास बाहेर. सूतगिरणीत रिंगवर तिसरी पाळी करून मी झोपायला येतो तेव्हा बाकीचे उठलेले असतात, म्हणून भागतं. रडगाणं गात नाही, माप सांगतोय. पुढं मापांचीच गोष्ट आहे.

लंडनला केनिंग्टन पार्कात विटांचं एक लहान दुमजली घर आहे. लंडन मी बघितलेलं नाही, घराचा नकाशा बघितलाय. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हेन्री रॉबर्ट्स या वास्तुशिल्पकारानं हा नमुना केला. पाठबळ राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचं. कामगाराचं घर कसं असावं ते दाखवायचं होतं. प्रदर्शनाच्या आवारात त्याला जागा मिळाली नाही, म्हणून जवळच्या घोडदळाच्या बराकीत बांधलं. अडीच लाखांवर माणसं बघून गेली.

खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. मधे उघडा जिना. असेच तुकडे शेजारी नि वर जोडत गेलं की चाळ होते. विटा पोकळ, त्यानं ओल अडते, शेजारचा आवाजही कमी येतो. जमीन नि छपराला लाकूड नाही, पोकळ विटांच्या चपट्या कमानी लोखंडी सळ्यांनी बांधल्यात. आग लागायची भीती कमी.

आता आतलं बघा. बसायची खोली सुमारे १५० चौरस फूट. नवराबायकोची १००. पोरांची ५०, पोरींची वेगळी ५०. नवराबायकोची खोली म्हणजे आमचं अख्खं घर! मोरीतनं कचरा टाकायला भिंतीत नळ. आणि प्रत्येक बिऱ्हाडाला आपला संडास, पाण्यानं धुऊन जाणारा. माझ्या आजीनं जन्मभर दुसऱ्यांची घाण डोक्यावर वाहिली, त्यामुळं नकाशात माझी नजर आधी तिथंच गेली. १८५१ साली, कामगाराच्या घरात!

पण हा धर्म नव्हता. घरं बांधणाऱ्याला भाड्यातनं नफा सुटला पाहिजे, हाही हिशेब त्यात होता. ज्याला रोज काम मिळेल याची खात्री नाही, त्याला ते भाडं कुठनं झेपणार?

प्रदर्शन संपल्यावर घर उचलून केनिंग्टन कॉमनवर नेलं. तिथं पार्कचे राखणदार राहू लागले. ही जागा साधी नाही. १० एप्रिल १८४८ ला याच मैदानावर चार्टिस्टांचा मेळावा भरला होता. प्रत्येक पुरुषाला मत द्या, मतदान गुप्त घ्या, अशा त्यांच्या मागण्या. मिरवणुकीच्या समितीचा प्रमुख विल्यम कफे, काळा माणूस, धंद्यानं शिंपी. त्याचा बाप सेंट किट्स बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला. राजघराणं दोन दिवस आधीच आइल ऑफ वाइटला निघून गेलं. पुढं खबऱ्यांच्या साक्षीवर कफेला काळ्या पाण्यासारखी शिक्षा झाली, टास्मानियाला धाडलं. १८५६ ला माफी मिळाली तरी तो परतला नाही. १८७० ला होबार्टच्या गरीबखान्यात मेला.

त्या मेळाव्याचे फोटो निघाले होते. ते अल्बर्टच्याच संग्रहात गेले. म्हणजे ती गर्दी त्यानं नीट बघितलेली. मैदानाला कुंपण घालून पार्क झाला, आणि कोपऱ्यात हे घर. मत मागितलं, मोरी मिळाली. मोरीला मी नावं ठेवत नाही, ज्याच्याकडं नाही त्यानं ठेवू नयेत. पण दोन्ही एकाच मातीतलं आहे, तर एकत्र सांगा की.

घराला तिथं संरक्षित वास्तूचा दर्जा आहे, द्वितीय श्रेणी. जाणकार पोकळ विटांचं कौतुक करतात. रास्त आहे. माझ्या लेखी त्याची किंमत त्या दोन ५० फुटी खोल्यांत आहे. कामगाराच्या पोरीला आपलं दार लागतं, हे कुणीतरी कागदावर आखलं नि मग खरंच बांधलं.

नकाशा मी भिंतीला चिकटवलाय. बहिणीनं विचारलं, "दादा, यातली पोरींची कुठली?" बोट ठेवून दाखवली. तिनं खिडकी कुठं आहे तेही विचारलं.