सोळा थर कापसाचे

जुन्या मिनीबसच्या किंवा हलक्या ट्रकच्या टायरवर अनेकदा '७.५०-१६, १६ पीआर' असं उठवलेलं असतं. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. शब्दशः अर्थ घेतला तर आत कापडाचे सोळा थर असायला हवेत. प्रत्यक्षात तेवढे थर नसतात आणि कापूस तर औषधालाही नसतो. बोदवडसारख्या गावात, जिथे हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, हा आकडा वाचायला मजा येते.

हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळी आणि वरून कापड अशी रचना केली. टायरचं तत्त्व आजही तेच आहे. वजन हवा पेलते, हवेला रबर अडवतं आणि फुगणाऱ्या रबराला कापड आवरून धरतं. सुरुवातीला हे कापड नेहमीच्या विणीचं, म्हणजे उभे-आडवे धागे असलेलं होतं. चाक फिरलं की धागे एकमेकांना घासून तापत आणि तुटत. मग आडवा धागा जवळजवळ काढून टाकला आणि समांतर दोऱ्यांचे थर एकावर एक तिरपे, उलटसुलट रचले. जितके थर, तितकी जास्त हवा आणि तितका जास्त भार.

या दोऱ्यांना लांब धाग्याचा कापूस लागे. पहिल्या महायुद्धात इजिप्तचा कापूस मिळेना, तेव्हा गुडइयर कंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात स्वतःची कापसाची शेती उभी केली. पुढे रेयॉन आलं, मग नायलॉन, मग पोलादी तारा. नायलॉनचे थोडेच थर कापसाच्या जास्त थरांचं काम करू लागले. पण ट्रकवाल्यांना थरांचीच भाषा कळत होती. म्हणून '१६ पीआर'चा अर्थ झाला, जुन्या सोळा थरांइतकी ताकद.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही नवं बसवताना जुनं कुणी काढत नाही. टायरच्या मापांचं तेच झालं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा मागचा टायर ३० × ३½ होता. म्हणजे बाहेरचा व्यास ३० इंच, जाडी साडेतीन. दोन्हीकडची जाडी वजा करा, रिम २३ इंचांची. १९२०च्या दशकात फुगीर टायर आले आणि लेखन उलटलं, आधी रुंदी आणि मग रिम. ७.५०-१६ हे त्या पिढीचं माप. उंची त्यात लिहिलेलीच नाही, ती रुंदीच्या आसपास असणार हे गृहीत. मिशेलिनने १९४६मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. पुढे टायर बुटके होत गेले, तेव्हा उंचीही लिहावी लागली. म्हणून २३५/८५ आर १६ : रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम अजूनही इंचांत.

हा इतिहास मला खणावा लागला तो मामांमुळे. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्याच्या बातम्या वाचून त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. टायर बदलायची वेळ आली तेव्हा कुणीतरी २३५/८५ आर १६ सुचवला. गणित जुळतं. ४०६.४ अधिक ३९९.५, म्हणजे व्यास साधारण ८०६ मिलिमीटर, ७.५०-१६चाही जवळपास तितकाच. मामा म्हणाले, "बसतो ना? मग झालं."

बसतो, पण तो जास्त रुंद. मागे डबल टायर, त्यांच्यातली फट आधीच बेताची. भाराखाली टायरचं पोट बाहेर येतं आणि दोन टायर एकमेकांना घासले तर तापतात. शिवाय रुंद टायरला रुंद रिम लागते. माप हा प्रश्नाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाराचा. टायरवर १२२/११८ असेल तर एकेकटा १५०० किलो पेलतो आणि जोडीत १३२०. जोडीत कमी, कारण दोघांवर भार कधी सारखा पडत नाही. आणि बस संध्याकाळी रिकामी होते, चाकांवरचं घर कधीच होत नाही.

म्हणून आधी ओळखीच्या जिनिंगच्या भुईकाट्यावर गेलो. पूर्ण सामान, भरलेली टाकी, पुढे मामा आणि मामी बसलेल्या. पुढची चाकं वेगळी तोलली, मागची वेगळी, मग एका वेळी एकच बाजू. मागे डावीकडे १९५० किलो, उजवीकडे १४५०. टाकी आणि ओटा, दोन्ही डावीकडेच होते. टायर तेवढं पेलतील, पण गाडी वळणावर एका अंगाला का झुकते ते कळलं. टाकी उजवीकडे हलवली.

उरली तारीख. २००० सालापासून टायरवर चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. अशी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तिच्या टायरची नक्षी झिजायच्या आत रबर म्हातारं होतं. मामांच्या स्टेपनीची नक्षी कोरी होती, बाजूला भेगा होत्या. तीही बदलायची ठरली.

शेवटी मूळचंच माप, ७.५०, पण सहाही चाकांना रेडियल, १६ पीआर. दुकानदाराने आकार विचारला, तेव्हा मामांनी आधी भुईकाट्याची पावती पुढे केली.