पडदा कुणी पाडायचा?

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण खेळायला बसलो होतो. सूत्रधार मी होतो. एका काल्पनिक राज्यातला दुष्काळ रंगवताना मी कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याने जीव दिल्याचा प्रसंग घातला आणि तो परिणामकारक व्हावा म्हणून बारीकसारीक तपशीलही दिले. समोरचा एक मित्र गप्प झाला. शेवटपर्यंत तो फासे टाकत राहिला, पण पुढच्या वेळी आला नाही. त्याच्या घरात तसेच घडले होते, हे मला फार उशिरा कळले. तो ‘थांब’ का म्हणाला नाही? या खेळांचा इतिहास मी त्या प्रश्नापोटी वाचायला घेतला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. सूत्रधार परिस्थिती सांगतो, ‘आता तू काय करशील?’ असे विचारतो आणि कृती फसली की साधली हे बहुधा फासे ठरवतात. इथे संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतात. गोष्ट सांगणारे आणि ऐकणारे एकच.

या प्रकारातला छापून विक्रीला आलेला पहिला खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि 1974 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून तो बाजारात आला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या 1000. त्याची मुळे युद्धखेळांत होती. टेबलावर सैन्ये मांडून लढाया खेळणाऱ्या या मंडळींना हिंसा हा गणिताचा भाग वाटे. बाकीचे प्रौढ विषयही याच बेफिकिरीने आत आले. 1976 च्या एका पुरवणीच्या मुखपृष्ठावर वेदीवर बांधलेली विवस्त्र स्त्री होती. 1979 च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात तर नगरात भेटणारी वेश्या कोणत्या प्रकारची, हे फाशांनी ठरवण्याचा तक्ता होता. टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाला हे कसे वाटेल, हा प्रश्न पुस्तकात कुठेच नव्हता.

प्रश्न विचारला तो बाहेरच्यांनी, आणि चुकीचा विचारला. 1979 च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला 16 वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळायला गेला असावा, असा तर्क पसरला. मुलगा महिन्याभराने लुइझियानात सापडला. त्याच्या दुःखाची कारणे वेगळी होती, पण तोवर कथा रुजली होती. 1981 मध्ये रोना जॅफे यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर दूरचित्रवाणीपट निघाला. त्यात खेळापायी भान हरपणाऱ्या तरुणाची भूमिका टॉम हँक्स यांनी केली होती.

1982 मध्ये पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्या आईने खेळाला जबाबदार धरले आणि 1983 मध्ये खेळाविरुद्ध संघटना काढली. 1985 मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमानेही हा विषय घेतला. पुढे 1990 मध्ये मायकेल स्टॅकपोल या खेळलेखकाने पुलिंग यांचे दावे एकेक करून तपासले आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. त्यांचा आरोप टिकणारा नव्हता, हे मलाही पटते. पण त्या आईची टर उडवणारे लेखन वाचताना मला माझा गप्प झालेला मित्र आठवतो. तिचे उत्तर चुकले होते, दुःख खरे होते.

खेळाच्या प्रकाशकांनी, म्हणजे टीएसआर कंपनीने, या गदारोळाला काय उत्तर दिले? 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द काढले. तेच राक्षस काही काळाने ‘तनारी’ आणि ‘बाटेझू’ अशी नावे घेऊन परतले. मारेकऱ्याचा पेशाही नियमावलीतून गेला. आक्षेप घेणाऱ्यांना दाखवायला हे ठीक होते. टेबलावर मात्र त्याने काहीच बदलले नाही, कारण पुस्तकातून शब्द गाळता येतो, सूत्रधाराच्या तोंडून गाळता येत नाही.

आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ‘सखाराम बाइंडर’चे प्रकरण 1972 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, तेव्हा कोणती वाक्ये कापायची यावर भांडता तरी येत होते. या खेळात वाक्य उच्चारले जाते तेव्हाच जन्मते. आधी तपासायला काही नसतेच. म्हणून जे काही करायचे ते बसलेल्यांनीच, तिथल्या तिथे करायला हवे. माझ्या मते या इतिहासाचा गाभा हाच आहे.

हे उमगायला वेळ लागला. 1991 च्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ने खेळाडूलाच रक्तपिपासू केले आणि त्याच्यातली माणुसकी किती उरली ती अंकांत मोजायला लावले. विषय गंभीर झाले, पण सांभाळण्याची रीत अजून सापडली नव्हती. ती 2003 मध्ये रॉन एडवर्ड्स यांनी ‘सेक्स अँड सॉर्सरी’ या पुस्तकात मांडली. त्यांनी दोन शब्द दिले: रेषा आणि पडदा. जी गोष्ट खेळात येणारच नाही, तिच्या अलीकडे रेषा. जी येईल पण डोळ्यांसमोर घडणार नाही, तिच्यावर पडदा. 2013 च्या सुमारास जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी त्याहून साधी युक्ती काढली. टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेले एक कार्ड ठेवायचे. कुणीही त्याला बोट लावले की तो प्रसंग वगळून पुढे जायचे. कारण विचारायचे नाही.

‘कारण विचारायचे नाही’ हे वाचले आणि मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. माझ्या मित्राला ‘थांब’ म्हणायचे तर चार जणांसमोर घरातले मरण उघडे करावे लागले असते.

अशाने खेळ गुळमुळीत होतो, अशी तक्रार जुने खेळाडू करतात. इतिहास तसे सांगत नाही. जेसन मॉर्निंगस्टार यांचा 2007 चा ‘ग्रे रँक्स’ हा खेळ 1944 च्या वॉर्सा उठावात लढणाऱ्या किशोरवयीन मुलांचा आहे. इतका कठोर विषय खेळायला आधीचा विश्वास लागतो. 2002 मध्ये ‘प्रौढांसाठी’ अशी सूचना छापलेले ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’ लिहिणारे मॉन्टी कुक पाहा. त्यांच्याच कंपनीने 2019 मध्ये ‘कन्सेंट इन गेमिंग’ ही संमतीवरची पुस्तिका विनामूल्य दिली. मला यात विसंगती दिसत नाही. अंधारात जायचे असेल तर दार कुठे आहे हे सर्वांना आधी ठाऊक हवे. 2020 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्याच अधिकृत पुस्तकात, खेळ सुरू होण्याआधी सर्वांनी बसून मर्यादा ठरवाव्यात, असा सल्ला छापून आला. 46 वर्षे लागली.

कार्ड म्हणजे जादू नव्हे. कार्डाला बोट लावायलाही धीर लागतो आणि सूत्रधाराच्या कपाळावर आठी दिसली तर तो धीर सुटतो. म्हणून मी आता पहिल्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. नको असलेली गोष्ट लिहायची, नाव घालायचे नाही. मागच्या खेपेस एका चिठ्ठीवर ‘आग’ एवढाच शब्द होता. माझ्या गोष्टीत वाडा जळायचा होता. मी तो पुरात बुडवला. चिठ्ठी कुणाची होती, हे मला आजही माहीत नाही.