लिनक्सवर वेबकॅम चालत नाही तेव्हा...

कपाटातला जुना वेबकॅम लिनक्सच्या संगणकाला जोडावा आणि पडद्यावर नुसता काळा चौकोन दिसावा, हा अनुभव अनेकांना आला असेल. कॅमेरा बिघडला असे समजून तो अडगळीत टाकला जातो. वस्तुत: कॅमेरा बहुधा धडधाकट असतो, तो चित्र ज्या स्वरूपात पाठवतो, ते संगणकाला उलगडत नसते.

याचे मूळ यूएसबीच्या पहिल्या पिढीत आहे. यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट होती. ६४० बाय ४८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ३० वेळा जसेच्या तसे पाठवायचे, तर सुमारे १४७ मेगाबिट लागतात. बोळातून मालगाडी नेण्याचाच हा प्रकार! म्हणून उत्पादकांनी चित्र आकुंचित करण्याच्या आपापल्या पद्धती कॅमेऱ्यातील चिपमध्ये बसवल्या आणि त्यांतील बऱ्याच गोपनीय ठेवल्या. विंडोजसाठी खोक्यात सीडी असे. लिनक्सच्या वाट्याला बहुधा काहीच येत नसे.

या गोपनीयतेची झळ फिलिप्सची चिप असलेल्या कॅमेऱ्यांना बसली. त्यांचा 'पीडब्ल्यूसी' हा ड्रायव्हर नेमोसॉफ्ट या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने तयार केला होता. मोठे चित्र उलगडणारा भाग मात्र कंपनीशी झालेल्या गोपनीयता करारामुळे बंदिस्त होता. असा बंदिस्त भाग जोडण्याची सोय २००४ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमधून काढण्यात आली. तेव्हा लेखकाने सगळा ड्रायव्हरच काढून घेण्याची मागणी केली आणि तो काढलाही गेला. चालू कॅमेरे एका निर्णयाने मुके झाले. पुढे ल्यूक सायार यांनी बंदिस्त भागाची रीत उलगडून तो खुल्या स्वरूपात लिहिला आणि ड्रायव्हर कर्नेलमध्ये परतला. मिशेल झार या फ्रेंच डॉक्टरांचे कामही असेच थक्क करणारे आहे. वैद्यकी सांभाळून त्यांनी दोनशेहून अधिक वेबकॅम लिनक्सवर चालते केले. त्यांच्या कामातून उभा राहिलेला 'जीएसपीसीए' हा ड्रायव्हरसमूह २००८ मध्ये कर्नेलच्या २.६.२७ आवृत्तीत समाविष्ट झाला.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे कॅमेऱ्याची ओळख पटवणे. खोक्यावरचे नाव येथे फारसे उपयोगाचे नाही. लॉजिटेकच्या नावाने विकल्या गेलेल्या काही क्विककॅममध्ये फिलिप्सचीच चिप होती. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावी. प्रत्येक उपकरणापुढे विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन संकेतांक दिसतात. पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या उपकरणाचा. हा जोडक्रमांक घेऊन शोध घेतला, की कोणता ड्रायव्हर लागतो ते बहुधा कळते. कॅमेरा जोडल्यावर लगेच 'डीएमईएसजी' ही आज्ञा दिल्यास कर्नेलने त्याला ओळखले की नाही, हेही समजते. काही लिनक्सवर तिच्याआधी 'सुडो' लिहावे लागते.

कॅमेरा ओळखला गेला, तरी चित्र येईलच असे नाही. ड्रायव्हर चिपकडून आलेली माहिती तशीच पुढे देतो. ती नेहमीच्या रंगीत चित्रात बदलण्याचे काम 'लिबव्ही४एल' हा स्वतंत्र संच करतो. तो न वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये काळा पडदा दिसतो. अनेकांची गाडी नेमकी येथेच अडते. अशा वेळी प्रथम 'जीयूव्हीसीव्ह्यू'सारख्या साध्या प्रोग्राममध्ये कॅमेरा तपासावा. तेथे चित्र दिसले पण ब्राउझरमध्ये नाही, तर 'व्ही४एल२लूपबॅक' वापरून एक आभासी कॅमेरा तयार करता येतो आणि 'एफएफएमपेग'ने बदललेले चित्र त्यात सोडता येते. खटाटोप आहे खरा. पण जुन्या कॅमेऱ्यांसाठी तो सार्थकी लागतो. कोणत्याच प्रोग्रामला कॅमेरा उघडता येत नसेल, तर वापरकर्त्याचे नाव 'व्हिडिओ' या गटात आहे की नाही, ते पाहावे.

नव्या कॅमेऱ्यांची गोष्ट सोपी आहे. यूएसबी व्हिडिओ क्लास, अर्थात 'यूव्हीसी' हे सामाईक मानक २००३ मध्ये आले. ते पाळणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी लॉरां पँशार यांनी लिहिलेला 'यूव्हीसीव्हिडिओ' हा ड्रायव्हर २००८ पासून कर्नेलमध्येच आहे. त्यामुळे हे कॅमेरे जोडताच चालू होतात. तरीही दोन कॅमेरे एकाच वेळी लावले, की कधीकधी 'जागा शिल्लक नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. ही जागा डिस्कवरची नसून यूएसबीच्या वहनक्षमतेतली असते. एक कॅमेरा वेगळ्या यूएसबी कंट्रोलरच्या पोर्टला जोडावा किंवा चित्राचा आकार कमी करावा. चित्र आकुंचित न करता पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ड्रायव्हरला 'क्वर्क्स' या पर्यायात १२८ ही किंमत देण्याचाही उपाय आहे.

काही जुन्या चिप मात्र कोणीच उलगडल्या नाहीत. त्यांच्यापुढे वेळ दवडू नये. नवा वेबकॅम घेताना खोक्यावर 'यूव्हीसी' हा उल्लेख आहे का, ते पाहावे. इंटेलच्या आयपीयू६ या चित्रप्रक्रियकाला जोडलेले काही लॅपटॉपमधील अंगभूत कॅमेरे यूव्हीसी पाळत नाहीत आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या ड्रायव्हरचा एक भाग २०२४ मध्ये कर्नेलच्या ६.१० आवृत्तीत आला. अशा लॅपटॉपलाही यूएसबीचा साधा यूव्हीसी वेबकॅम लावून काम भागवता येते.