सिंगापूरची चिनी पुस्तकपेठ

सिंगापूर नदीच्या दक्षिणेकडच्या वस्तीला होक्कियेन बोलणारे चिनी लोक ‘तुआ-पो’ म्हणत, उत्तरेकडच्या वस्तीला ‘सिओ-पो’. म्हणजे थोरली आणि धाकटी. साउथ ब्रिज रोड आणि नॉर्थ ब्रिज रोड हे तिथले हमरस्ते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी पुस्तकांची पेठ याच दोन रस्त्यांवर वसली. शांघायच्या कमर्शियल प्रेसने १९१६ मध्ये इथे शाखा उघडली, तिची प्रतिस्पर्धी चुंग ह्वा हीसुद्धा येऊन दाखल झाली. १९२५ मध्ये छन युएशू आणि वांग शूयांग यांनी शांघाय बुक कंपनी काढली. चाऊ सिंग चू यांनी १९३६ मध्ये सुरू केलेले ‘पॉप्युलर’ तर पुढे मलेशिया आणि हाँगकाँगपर्यंत पसरले.

या दुकानांचा खरा पोशिंदा कादंबरीचा वाचक नव्हे, शाळा होती. फूच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांतून आलेल्या लोकांच्या बोली वेगवेगळ्या होत्या. होक्कियेन माणसाला कँटनी बोलणे कळत नसे, हाक्का तर आणखी निराळी. लिपी मात्र सगळ्यांची एक. चीनमधल्या १९१९ च्या चळवळीनंतर इथल्या चिनी शाळांनीही मँडरिन धरली आणि तिची पुस्तके शांघायहून बोटीने येऊ लागली. त्यामुळे जी भाषा घरी कुणी बोलत नव्हते तीच सर्वांची ‘आपली’ ठरली. वारसा जपला असे सरसकट म्हटले जाते. इथे तो बऱ्याच अंशी घडवला गेला, आणि तोही पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यांतून.

त्या गठ्ठ्यांत एक विसंगती होती. विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत राहणारी मुले बर्फ, वसंत आणि पानगळ यांचे धडे घोकत होती. नकाशात यांगत्से नदी असे, शेजारचा जोहोर नसे. चीन हाच मायदेश आणि सिंगापूर हा मुक्काम, ही समजूत अशा धड्यांतून पक्की होत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिला जपानविरोधी लेखनाची जोड मिळाली. १९३८ च्या अखेरीस आलेले चिनी लेखक यू ताफू इथल्या वृत्तपत्राची साहित्य पुरवणी पाहू लागले. १९४२ मध्ये जपानी फौजा शिरल्या तेव्हा घरात चिनी पुस्तक सापडणे धोक्याचे झाले आणि अनेकांनी आपली पुस्तके स्वतःच जाळली. यू ताफू सुमात्रात पळाले, १९४५ मध्ये तिथेच मारले गेले.

युद्धानंतर भीतीचे कारण बदलले. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली, मलायात बंड चालू होते, आणि वसाहती सरकारला चिनी पुस्तकांत प्रचार दिसू लागला. चिनी शाळांविषयीच्या १९५१ च्या फेन-वू अहवालाने पाठ्यपुस्तके मलायातल्या जीवनाशी जोडावीत, अशी शिफारस केली. १९५८ मध्ये तर चीन आणि हाँगकाँगमधल्या कित्येक प्रकाशकांच्या पुस्तकांची आयातच बंद झाली. दुकानदारांपुढे माल कुठून आणायचा, हा रोकडा प्रश्न उभा राहिला. उत्तर एकच होते: स्वतः छापणे. आयातीवर जगणारे विक्रेते प्रकाशक झाले, स्थानिक लेखकांना छापू लागले, आणि रबराचे मळे, खाडी, झोपडवस्ती चिनी पुस्तकांत येऊ लागली. ‘इथले चिनी’ ही ओळख रुजायला बंदीने असा हातभार लावला. बंदीमागचा मुख्य हेतू मात्र प्रचार रोखणे हा होता.

पेठेला खरा फटका पोलिसांकडून नव्हे, पालकांकडून बसला. नोकरी इंग्रजीने मिळते हे दिसल्यावर चिनी माध्यमाचे वर्ग ओस पडले. १९५६ मध्ये वर्ग सुरू झालेले नानयांग विद्यापीठ १९८० मध्ये विलीन झाले, १९८७ पर्यंत सगळ्या शाळांत इंग्रजी ही पहिली भाषा झाली. मुख्य गिऱ्हाईकच गेले. योगायोग असा की त्याच १९८० साली ब्रास बासा कॉम्प्लेक्स उभे राहिले: खाली दुकानांचे मजले, वर राहण्याचे दोन मनोरे. जुन्या रस्त्यांवरचे पुस्तकविक्रेते तिथे एकवटले आणि चिनी लोक त्या इमारतीला ‘शू-छंग’, पुस्तकनगरी, म्हणू लागले. साध्या केलेल्या लिपीतली चीनची पुस्तके आणि जुन्या लिपीत, उभ्या ओळींत छापलेली तैवानची पुस्तके तिथे शेजारी दिसतात. एक डावीकडून उघडते, दुसरे उजवीकडून.

आता चिनी पुस्तक घेणे ही गरज उरली नव्हती, आवड झाली होती. कादंबरीकार यंग पोय न्गोन यांनी १९९५ मध्ये ‘ग्रासरूट्स’ हे दुकान काढले ते या बदललेल्या काळात. परीक्षेची पुस्तके नव्हे, साहित्य आणि विचार यांसाठी ते ओळखले गेले. २००३ मध्ये त्यांना कल्चरल मेडॅलियन हा देशाचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला. १९७७ मध्ये याच राज्यव्यवस्थेने त्यांना काही महिने स्थानबद्ध ठेवले होते. २०१४ मध्ये दुकान दुसऱ्यांच्या हाती गेले, २०२१ मध्ये यंग वारले.

शांघाय बुक कंपनी त्याआधीच, २००८ मध्ये, ८३ वर्षांनी बंद झाली होती. २०२० च्या जनगणनेत घरी प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे ४८.३ टक्के भरले, मँडरिन बोलणारे २९.९ टक्के. ‘पॉप्युलर’ची दुकाने आजही चालतात, आणि तिथे शाळेतल्या मातृभाषा-विषयाची सरावपुस्तकेही मिळतात.