दूर, मध्ये, जवळ : प्रोग्रेसिव्ह चष्म्याची कुळकथा

बीडजवळच्या नारायणगडाला सारी पंचक्रोशी धाकटी पंढरी म्हणते. नगद नारायण महाराजांचा हा गड. आषाढीला इथे माणसांची रीघ लागते. या मुलखात हरिनाम सप्ताह आणि ज्ञानेश्वरीचं पारायण गावोगाव चालतं. पारायणाला बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींकडे पाहावं. समोर ठवणीवर ग्रंथ, थोडं पुढे वीणेकरी, मंडपाच्या टोकाला व्यासपीठचालक. ओवी वाचायची, चालकाच्या सुराकडे लक्ष ठेवायचं आणि मध्येच शेजारच्याला पान दाखवायचं. तीन अंतरं, आणि तिन्ही एका तासात शेकडो वेळा. कुणी चाळिशी नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघतो, कुणी दोन चष्मे बाळगतो, आणि अलीकडे कुणाच्या मुलाने पुण्याहून किंवा संभाजीनगरहून प्रोग्रेसिव्ह काच करून आणलेली असते.

त्या नव्या काचेने माणूस पहिल्यांदा देवळाच्या पायऱ्या उतरू लागला की पाऊल अडखळतं. पायरी तिरकी दिसते, मान वळवली की खांब हलल्यासारखा वाटतो. घरी जाऊन तो म्हणतो, काच बसली नाही. दुकानदार म्हणतो, होईल सवय. आठवड्याभरात हजारो रुपयांचा चष्मा कपाटात आणि जुना पुन्हा नाकावर. माणसाचा स्वभाव किंवा दुकानदाराची लबाडी यांत याचं कारण शोधण्याआधी या काचेचं कूळ पाहायला हवं, कारण ही अडचण तिला जन्मापासून चिकटलेली आहे.

वाचनाला मदत करणारी फुगीर भिंगं तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्म्यात बसली. पुढे ती भारतातही पोचली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी चष्म्याच्या इतिहासावर मुद्दाम लेखन केलं. हस्तलिखितांत आयुष्य घालवलेल्या संशोधकाला हा विषय जवळचा वाटावा यात नवल नाही. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासराय 1520 च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत काव्यात आहे. म्हणजे पोथी आणि चष्मा यांची दक्षिणेतली सोबत पाचशे वर्षांची आहे.

पण तो चष्मा एकाच अंतराचा. पोथी दिसे, समोरचा माणूस धूसर. तसं का होतं, हे इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग याने 1801 मध्ये दाखवलं: डोळ्यातलं भिंग स्वतःचा आकार बदलून जवळचं-दूरचं जुळवून घेतं. ते भिंग वयाबरोबर कडक होत जातं. दहाव्या वर्षी दहा-बारा डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचं एकक) असलेली ही लवचीकता साठीला जेमतेम एकावर येते. चाळिशी म्हणजे या गमावलेल्या ताकदीची काचेतून केलेली भरपाई.

दोन चष्म्यांची कटकट पहिल्यांदा मिटवणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन होता. 1785 मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली युक्ती सांगितली: दूरची आणि जवळची, दोन्ही काचा अर्ध्या कापून एकाच चौकटीत बसवायच्या. फ्रान्समध्ये जेवायला बसलं की ताटातलं अन्नही दिसे आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही. चेहरा दिसला की त्याला फ्रेंच अधिक समजे. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. काच कशासाठी हवी, हे त्याने अंतरात न सांगता कामात सांगितलं.

पुढे 1908 मध्ये अमेरिकेत जॉन बोर्श याने दोन काचा वितळवून एकजीव केल्या. त्या ‘क्रिप्टॉक’चा गोल तुकडा आपल्या दुकानांत अजून ‘केटी’ म्हणून विकला जातो, आणि सपाट माथ्याचा ‘डी’. बायफोकल स्वस्त, टिकाऊ, आणि त्यात लपवाछपवी नाही: रेषेच्या वर दूर, खाली जवळ. मध्ये मात्र काहीच नाही. हाताच्या अंतरावरची पेटीची पट्टी, तराजूचा काटा, समोर बसलेल्या नातवाचा चेहरा, हे सगळं त्या रेषेवर हरवतं.

रेष काढून टाकून नंबर वरून खाली हळूहळू वाढवत न्यावा, हा विचार इंग्लंडमधल्या ओवेन एव्ज याने 1907 मध्येच पेटंटात मांडला होता. त्यासाठी लागणाऱ्या पृष्ठभागाला हत्तीच्या सोंडेची उपमा देतात: वर पसरट, खाली उतरताना अधिकाधिक वळत जाणारा. पण असा पृष्ठभाग घासायचा कसा? तोवरची बहुतेक भिंगं गोलाच्या किंवा नळीच्या तुकड्यासारखी होती. घासणारं हत्यार आणि काच एकमेकांवर फिरत, आणि तो आकार आपोआप जुळे. सोंडेच्या प्रत्येक बिंदूचं वळण वेगळं, तिथे हे जमणं शक्य नव्हतं. एव्जची काच बाजारात आलीच नाही.

ती आणली बर्नार मेतनाझ या फ्रेंच अभियंत्याने. वडिलांचा बायफोकल लावून पाहिला आणि त्यातली नजरेची उडी त्याला सहन झाली नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात. तो ज्या कंपनीत काम करत होता तिचं मूळ चष्मा कामगारांनी 1849 मध्ये पॅरिसमध्ये उभारलेल्या सहकारी संस्थेत होतं. सहकारावर वाढलेल्या महाराष्ट्राने ही गोष्ट ध्यानात ठेवायला हरकत नाही. आकार गणिताने ठरवणं, बिंदूबिंदूने तो कोरणारं यंत्र बनवणं, आणि कोरलेला आकार न बिघडवता काचेला चकाकी आणणं, या तिन्ही गोष्टींवर त्याने 1950 च्या दशकाची बरीच वर्षं घालवली. 1959 मध्ये ‘व्हेरिलक्स’ बाजारात आली. 1972 मध्ये ती बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीशी एकत्र येऊन एसिलॉर झाली.

आता या कुळातल्या मूळ दुखण्याकडे येतो. 1963 मध्ये गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने एक प्रमेय सिद्ध केलं. काचेच्या मधल्या उभ्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नको असलेला तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, वाढतो. हा दोष कारागिराचा नाही, पृष्ठभागाच्या भूमितीचा आहे. कुठलीही कंपनी, कितीही किंमत, यातून सुटका नाही.

आकड्यांत पाहू. दूरच्या नंबरात जवळसाठी घातलेली भर, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘ॲडिशन’, 2 आहे आणि ती 14 मिलिमीटर उतरणीत पूर्ण होते. म्हणजे दर मिलिमीटरला 0.14, आणि बाजूला 0.28 ने सिलिंडर वाढणार. अर्धा डायॉप्टर सिलिंडरपर्यंत डोळा फारशी कुरकुर करत नाही असं धरलं, तर स्पष्ट वाट साडेतीन मिलिमीटर रुंद. उतरण 18 मिलिमीटर केली तर वाट साडेचार होते, पण वाचायला नजर अधिक खाली न्यावी लागते. आणि पंचेचाळिशीत 1.25 ॲडिशन घेऊन 14 च्या उतरणीत साडेपाच मिलिमीटरच्या वाटेवर सुखाने चालणारा माणूस साठीत 2.25 घेतो तेव्हा त्याची वाट तीन मिलिमीटरवर येते. तो म्हणतो, आधीची काच चांगली होती, ही नवी खराब. काच तीच असेल, फक्त त्याचं वय बदललं.

मग साठ वर्षांत डिझाइनकारांनी काय केलं? दोष काढता येत नाही म्हणून तो हलवला. पहिल्या व्हेरिलक्सची वरची आणि खालची जागा प्रशस्त होती, म्हणून सारा विस्कोट वाटेच्या कडेला गच्च साचला. 1970 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हेरिलक्समध्ये तो पसरवून सौम्य केला. पहिल्या घराण्याला ‘हार्ड’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सॉफ्ट’. पुढे चौकटी लहान झाल्या तशा उतरणी आखूड झाल्या. 2000 च्या आसपास संगणकाच्या मदतीने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नंबराचा आणि चौकटीचा हिशेब करून काच कोरता येऊ लागली. त्याला ‘फ्रीफॉर्म’ म्हणतात. प्रत्येक पिढीत विस्कोटाचा पत्ता बदलला. म्हणूनच नवख्यापेक्षा कधीकधी मुरलेला प्रोग्रेसिव्हवाला अधिक त्रासतो. हार्ड काचेवर वर्षं काढलेल्याला स्पष्ट-अस्पष्टाची सीमा पाठ असते. सॉफ्ट काचेत ती सीमाच सापडत नाही, आणि सगळंच थोडं धुरकट असल्याची त्याची तक्रार खरी असते.

चक्कर येते ती मात्र डोळ्यांतून कमी आणि कानातून जास्त. डोकं उजवीकडे वळलं की आतल्या कानाच्या इशाऱ्यावर डोळे तेवढेच डावीकडे फिरतात, म्हणून जग जागच्या जागी राहतं. भिंग वस्तू मोठी दाखवतं, तेव्हा हे माप चुकतं आणि जग डोलतं. गोतिए आणि रॉबिन्सन या संशोधकांनी 1975 मध्ये दाखवलं की मोठं दाखवणारी भिंगं काही दिवस लावून ठेवली की मेंदू ते माप नव्याने बसवतो. प्रोग्रेसिव्हमध्ये वर एक माप, खाली दुसरं, कडेला तिसरं, म्हणून हा धडा अवघड. तरी तो शिकता येतो, फक्त सलग शिकावा लागतो. सकाळी नवा आणि दुपारी जुना चष्मा लावला तर मेंदू रोज पहिल्या पानावर येतो.

इथून दुकानदाराची विद्या सुरू होते, आणि माझ्या मते तीच या साऱ्या गोष्टीतली सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर, उजेडाकडे तिरकी धरली की दिसतील अशा, दोन बारीक कोरीव खुणा असतात, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन कोरलेली असते, नाकाकडच्या खुणेखाली कंपनीची ओळख. तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की जाणकार माणूस त्या खुणांवर मार्करने ठिपके देतो, कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवून बाहुलीसमोर यायला हवी ती फुली पुन्हा काढतो, चष्मा नाकावर चढवतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याच्या पातळीवर समोर बसतो. फुली बाहुलीच्या मधोमध आहे का? दूरचं पाहताना गिऱ्हाईक हनुवटी छातीकडे ओढत असेल तर काच वर बसली आहे. वाचताना हनुवटी उचलत असेल तर खाली. पान एका कुशीला सरकवल्यावरच अक्षर लागत असेल तर दोन बाहुल्यांमधलं अंतर, पी.डी., चुकलं. साडेतीन मिलिमीटरच्या वाटेत दोन मिलिमीटरची चूक म्हणजे वाटच चुकली. नाकावरच्या गाद्या थोड्या दाबणं, चौकट खालून गालाकडे कलती करणं, काच डोळ्याजवळ आणणं, एवढ्याने अनेक ‘न बसलेल्या’ काचा बसतात, कारण काच जवळ आली की त्याच वाटेतून अधिक दिसतं. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता ‘होईल सवय’ म्हणणं गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

गिऱ्हाइकालाही काही शिकावं लागतं. बाजूचं पाहायचं तर नाक तिकडे न्यायचं, नुसती नजर नाही. वाचताना डोकं स्थिर आणि डोळे खाली. पायऱ्यांवर उलट: मान वाकवायची, म्हणजे नजर काचेच्या वरच्या भागातून जाईल. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून पायरी दीड मीटरवर असते आणि काचेचा तळ साधारण 40 सेंटिमीटरसाठी कोरलेला. तिथून पायरी स्पष्ट दिसूच शकत नाही. सुरुवात घरात बसून करावी, मग अंगणात, मग रस्त्यावर. मोटारसायकल पहिल्या दिवसांत नको. बहुतेकांची दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

पोथी वाचणाऱ्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सुट्या पानांच्या आडव्या पोथीची ओळ हातभर लांब असते, आणि ठवणीवरचा ग्रंथ हातातल्या वर्तमानपत्रापेक्षा लांब, 50-60 सेंटिमीटरवर असतो. 40 सेंटिमीटरला मोजलेली ॲडिशन तिथे जास्त पडते आणि वाट विनाकारण अरुंद होते. अशा वाचकाने दुकानात जाताना ठवणीचं अंतर सुतळीने मोजून न्यावं आणि त्या अंतरावर नंबर तपासून घ्यावा. ॲडिशन पावाने जरी उतरली तरी वाट रुंदावते, आणि आडव्या ओळीवर त्याचा फरक लगेच जाणवतो.

याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. ऊस बुडातून तोडताना कोयता काचेच्या तळातूनच दिसतो, आणि तो तळ त्या अंतराचा नाही. त्यांना मी प्रोग्रेसिव्ह घ्या म्हणणार नाही. कामावर दूरच्या नंबराचा साधा, आणि मोबाइल-कागदपत्रासाठी वेगळी चाळिशी. साध्या चाळिशीची ताकदही कमी लेखू नये. आसाममध्ये चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं काम सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढलं. हा अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. कापूस वेचणाऱ्या बाईच्या डोळ्यांची गरज याहून निराळी नाही.

ज्यांनी प्रोग्रेसिव्ह घेतलाच आहे, त्यांनी जुना चष्मा मोडीत टाकू नये. नवा करताना तो बरोबर न्यावा. त्यावरच्या कोरीव खुणांवरून जुनं डिझाइन, ॲडिशन आणि बहुतेक वेळा उतरणीची लांबीही कळते, आणि नवी काच त्याच घराण्यातली, त्याच उतरणीची मागता येते. दोन आठवड्यांनंतरही पारायणात हनुवटी वर जातच असेल, तर चष्मा आणि पोथी दोन्ही घेऊन पुन्हा त्याच दुकानात जावं आणि सांगावं, फुली काढून बघा.