कृत्रिम हृदय आणि मूत्रपिंडाची साक्ष

२ डिसेंबर १९८२. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या रुग्णालयात बार्नी क्लार्क या ६१ वर्षांच्या निवृत्त दंतवैद्याच्या छातीत ‘जार्विक-७’ हे कृत्रिम हृदय बसवण्यात आले. ११२ दिवसांनी क्लार्क वारले, तेव्हाही यंत्र चालूच होते. निकामी झाली होती ती मूत्रपिंडांसह शरीरातील इतर इंद्रिये.

या घटनेला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. युटातील कृत्रिम अवयवांच्या कार्यक्रमाचे प्रमुख होते विलेम कोल्फ. माणसाचा जीव वाचवणारे पहिले कृत्रिम मूत्रपिंडही याच गृहस्थांनी बनवले होते.

ती कथा १९४३ ची, जर्मन सैन्याने व्यापलेल्या नेदरलँड्समधील काम्पेन या लहानशा गावची. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारांच्या पाण्यात फिरवत ठेवले. नळीतून रुग्णाचे रक्त वाहे आणि त्यातील विषारी द्रव्ये पाण्यात उतरत. सुरुवातीचे जवळजवळ सर्वच रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. ती नाझींची सहकारी म्हणून कैदेत होती. तिला वाचवू नये असे वाटणारेही गावात होते. कोल्फ यांनी रुग्ण पाहिला, पक्ष पाहिला नाही.

१९५० मध्ये कोल्फ अमेरिकेत गेले. १९५७ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांनी तेत्सुझो अकुत्सू यांच्यासह एका कुत्र्याच्या शरीरात कृत्रिम हृदय बसवले; ते प्राणी सुमारे दीड तास जगले. मूत्रपिंडाकडून हृदयाकडे झालेला हा प्रवास वरवर पाहता विषयांतर वाटतो. तसे ते नव्हते.

विश्रांतीच्या वेळी हृदय दर मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. त्यातील सुमारे एक लिटर एकट्या मूत्रपिंडांकडे जाते, आणि त्या दोघांचे मिळून वजन असते अवघे ३०० ग्रॅमच्या आसपास. हृदय दुबळे झाले की हा पुरवठा आटतो. पण तेवढेच होत नाही. पुढे न गेलेले रक्त मागे शिरांमध्ये तुंबते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या रक्ताची वाट अडते. १९३१ मध्ये फ्रँक विंटन यांनी कुत्र्याच्या वेगळ्या काढलेल्या मूत्रपिंडावर प्रयोग करून दाखवले होते, की शिरेतील दाब वाढला की मूत्र कमी होते. हा धडा वैद्यकाने दीर्घकाळ बाजूला ठेवला. ‘रक्त कमी पोहोचते’ हे सोपे उत्तर पुरेसे मानले गेले. एकविसाव्या शतकात तुंबण्याचे महत्त्व पुन्हा ओळखले गेले.

पंपांच्या इतिहासात मूत्रपिंड वारंवार समोर येते. एप्रिल १९६९ मध्ये ह्यूस्टन येथे डेंटन कूली यांनी हॅस्केल कार्प यांना माणसातील पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले. ६४ तासांनी त्याच्या जागी दात्याचे हृदय आले, पण दीड दिवसाच्या आतच न्यूमोनिया आणि मूत्रपिंडांच्या अपयशाने कार्प गेले. त्याच शहरात १९६६ मध्ये मायकेल डिबेकी यांनी हृदय न काढता केवळ त्याच्या डाव्या बाजूला मदत करणारा पंप जोडला होता. दहा दिवसांनी तो काढल्यावर रुग्ण स्त्री बरी झाली. भविष्य या दुसऱ्या वाटेचे होते.

२००१ च्या ‘रीमॅच’ चाचणीत असा पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के रुग्ण वर्षभर जगले. पुढची पिढी सतत वाहणाऱ्या पंपांची आली; यातील अनेक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही.

मूत्रपिंडांचे काय झाले? पहिल्या महिन्यात बहुतेकांची सुधारणा होते. पुरवठा वाढतो, तुंबलेले रक्त ओसरते. नंतरच्या महिन्यांत मात्र अनेकांमध्ये ही कमाई हळूहळू घटते. पंप डावी बाजू सांभाळतो, उजवी नाही. ती थकली की शिरांतला दाब पुन्हा चढतो. पंपात रक्तपेशी फुटल्या तर सुटलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा करते. नाडीचा ठोका हरवल्याने किती हानी होते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मोजपट्टीही फसवी आहे. मूत्रपिंडाचे काम ज्यावरून जोखतात ते क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते. अंथरुणाला खिळून झिजलेल्या रुग्णात ते मुळातच कमी बनते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. पंपानंतर माणूस चालू-फिरू लागला, स्नायू भरले, की आकडा चढतो. कागदावरची ‘घसरण’ काही अंशी प्रकृती सुधारल्याचीच खूण असू शकते!

म्हणून पंप बसवण्यापूर्वी डॉक्टरांपुढे कठीण प्रश्न असतो : हे मूत्रपिंड हृदयामुळे थकले आहे, की स्वतःच जीर्ण झाले आहे? पहिल्या स्थितीत पंप त्याला वाचवतो. दुसऱ्या स्थितीत तोच रुग्ण पंप आणि डायलिसिस या दोन यंत्रांना बांधला जाण्याचा धोका असतो. अशा वेळी, रुग्ण पात्र असल्यास, हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींच्या प्रत्यारोपणाचा विचार होतो. तपासण्यांनी निवाडा होत नसेल तर काही रुग्णालयांत आधी औषधे किंवा तात्पुरता पंप देऊन काही दिवस थांबतात आणि लघवी वाढते का ते पाहतात.