सेरो रिको

सेरो रिको (अर्थ: श्रीमंत पर्वत) हा दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात पोतोसी शहरालगत असलेला, चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध पर्वत आहे.

उत्खनन

इ.स. १५४५ मध्ये येथे चांदी सापडली आणि सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोतोसी वसले. उच्च प्रतीचे खनिज घटू लागल्यावर १५७० च्या दशकात नवी पद्धत आली. खनिजाची पूड करून तीत मीठ व पारा मिसळत. चांदी पाऱ्यात उतरे. मग उष्णतेने पारा उडवून चांदी वेगळी करीत.

मिता

स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने इंका काळातील 'मिता' (पाळी) या श्रमपद्धतीला वेठबिगारीचे रूप दिले. नेमलेल्या प्रांतांतील सुमारे एक-सप्तमांश प्रौढ पुरुषांना दरवर्षी पाळीने पोतोसीत राबावे लागे. मजुरी तुटपुंजी होती. दरडी, धूळ व पाऱ्याची विषबाधा यांमुळे अनेक मजूर दगावले. पाळी टाळण्यासाठी कुटुंबे गाव सोडून जात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली.

नाणी व व्यापार

पोतोसीच्या टांकसाळीतील 'आठ रेआल' हे सुमारे २७ ग्रॅमचे नाणे अनेक खंडांत चालत असे. अमेरिकेतील चांदी युरोपात, तसेच मनिलामार्गे चीनमध्ये रेशीम व चिनी मातीच्या भांड्यांच्या मोबदल्यात जाई. युरोपीय व्यापाऱ्यांनी सुरतेस आणलेली अशी चांदी वितळवून मुघल रुपये पाडले जात.

सद्यस्थिती

पोतोसी १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. अखंड उत्खननामुळे पर्वताचे शिखर खचत असून, २०१४ मध्ये या स्थळाचा समावेश धोक्यातील वारशाच्या यादीत झाला. खाणकाम मात्र आजही चालू आहे.